सत्तांतर : नियम की निवाडा?
घानातील अध्यक्षीय निवडणुकांच्या आधारे एक विवेचन

लोकशाहीत सत्तारूढ पक्ष वेळोवेळी बदलावा, हे मत इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची चिकित्सा क्वचितच होते. मराठीत या विचाराला भाकरीचा दृष्टान्त देण्यात येतो. न फिरविलेली भाकरी करपते. परंतु वेळेआधी फिरविलेली भाकरी कच्ची राहते, हा त्याच अनुभवाचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. या दोन्ही बाजू तपासण्यास पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची असून एका व्यक्तीस दोनच मुदती मिळतात. जेरी रॉलिंग्ज यांच्या दोन मुदती संपल्यावर २००० साली जॉन कुफुर विजयी झाले आणि सत्ता ‘नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेस’कडून ‘न्यू पेट्रिऑटिक पार्टी’कडे गेली. २००८ साली जॉन अट्टा मिल्स यांनी दुसऱ्या फेरीत सुमारे ४० हजार मतांनी निसटता विजय मिळविला व ती परत फिरली. २०१६ आणि २०२४ सालीही असेच घडले. सॅम्युएल हंटिंग्टन यांनी १९९१ साली लोकशाही दृढ झाल्याची खूण म्हणून दोन शांततामय सत्तांतरांची कसोटी सुचविली होती. घानाने ती २००९ सालीच पार केली.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. दर आठ वर्षांनी होणारा हा पालट मतदारांचा निवाडा आहे, की केवळ वहिवाट? २०२४ साली सत्तारूढ पक्षाने ‘ब्रेक द एट’, म्हणजे ‘आठाचा दंडक मोडा’, अशी घोषणा दिली होती. ही घोषणा सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहे. तीत कारभाराचा उल्लेख नाही. आहे तो केवळ एका आकड्याचा. जणू पराभव हा कृतीचा परिणाम नसून पंचांगातील योग होय.

वस्तुस्थिती निराळी होती. डिसेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर ५४ टक्क्यांवर पोहोचला होता, आणि त्याच महिन्यात सरकारने बहुतांश परकीय कर्जाची परतफेड स्थगित केली होती. २०२० साली सत्तारूढ पक्षाच्या उमेदवारास सुमारे ६७ लाख मते पडली होती. २०२४ साली महमुदु बावुमिया यांना ५० लाखही मिळाली नाहीत. विजयी झालेले जॉन महामा यांच्या मतांत मात्र तुलनेने थोडीच वाढ झाली. तात्पर्य, नव्याविषयीच्या उत्साहापेक्षा जुन्यावरील विश्वास उडणे हेच या पालटाचे मुख्य कारण दिसते.

यावरून दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात : सत्तांतराची शक्यता आणि सत्तांतराची सक्ती. शक्यता नसेल, तर सत्ताधाऱ्यास उत्तरदायित्व उरत नाही. अध्यक्षीय पद्धतीत याचे महत्त्व अधिक, कारण तेथे विधिमंडळाच्या साध्या अविश्वास ठरावाने सरकार पडत नाही. शिवाय मुदती संपलेला अध्यक्ष पुन्हा उमेदवार नसतो, त्यामुळे त्याच्या कारभाराचा जाब त्याच्या पक्षालाच विचारावा लागतो. घानातील चार सत्तांतरांपैकी तीन अशाच वेळी झाली. २०१६ साली मात्र पदावर असलेले महामा स्वतःच पराभूत झाले.

उलट, सत्तांतर ही सक्ती झाली, तर आठव्या वर्षी पराभव अटळ आहे हे जाणणाऱ्या पक्षास चांगल्या कारभाराचे प्रयोजन राहत नाही, आणि विरोधकांस केवळ वाट पाहणे पुरते. जे वर्तन कसेही असो, फळ एकच मिळते, तेथे शिक्षा आणि बक्षीस हे दोन्ही शब्द निरर्थक होतात.

म्हणून ‘मतदारांनी पक्ष बदलावा काय?’ या प्रश्नाचे उत्तर वर्षांच्या गणतीत नाही. बदलण्याची शक्ती मतदारांनी सदैव राखावी. तिचा वापर मात्र कारभार पाहून करावा. बावुमिया यांनी अधिकृत निकालाची वाट न पाहता पराभव मान्य केला, हे त्या शक्तीस मिळालेले बोलके प्रमाणपत्र होय. भाकरी फिरविणाऱ्याचे लक्ष घड्याळाकडे नव्हे, तव्याकडे असावे लागते.