कोकण रेल्वे आणि दरडी

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सलग सुरू झाली, तेव्हा कौतुक झालं ते पुलांचं आणि बोगद्यांचं. ते रास्तच होतं. पण या मार्गाची खरी परीक्षा होती ती डोंगर कापून काढलेल्या कटिंगांची, आणि ती दर पावसाळ्यात नव्याने द्यायची होती.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली विशेष गाडी कटिंगमधून घसरलेल्या दगडमातीवर आदळली. पन्नासच्या आसपास माणसं गेली. वर्ष पुरतं होतं न होतं तोच, १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या दरडीला धडकली आणि इंजिन पुलावरून खाली गेलं.

कोकणात डोंगर दोन तऱ्हांनी ढासळतो. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून खालच्या मऊ चिकणमातीपर्यंत झिरपतं, तिची पकड सुटते आणि वरचा थर घेऊन ती खाली सरकते. काळ्या कातळात पाणी भेगांत साठतं, दाब वाढतो आणि सुटा धोंडा निसटतो. त्यामुळे सगळीकडे एकच उपाय लावून भागत नाही. अपघातांनंतर कुठे उतार सौम्य केले, कुठे कातळावर लोखंडी जाळ्या ठोकल्या, मातीच्या उतारांवर वाळा लावला, पाण्याला वाट काढून दिली.

माझ्या मते सर्वांत मोठं शहाणपण मात्र वेळापत्रकात आहे. पावसाळ्यात इथल्या गाड्या मुद्दाम हळू धावतात. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं, की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा. दरड कोसळू शकते हे मान्य करून, ती दिसल्यावर गाडी थांबवता यावी एवढा वेळ हाती ठेवायचा. जोडीला रात्रीची गस्त. रेनकोट, हातात दिवा, खांद्याच्या पिशवीत फटाके. रुळावर धोंडा दिसला, की गस्तवाला पुढे धावत जाऊन रुळाला फटाके लावतो. चाकाखाली ते फुटले, की ड्रायव्हर गाडी थांबवतो.

धोका संपलेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली. दोन्ही वेळा मार्ग बंद पडला, गाड्या अडकल्या, प्रवाशांचे हाल झाले. पण २००३ एवढी जीवितहानी करणारा दरडीचा अपघात या मार्गावर पुन्हा झालेला नाही.

रेल्वेच्या हद्दीबाहेर मात्र ही दक्षता दिसत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसं दरडीखाली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गाडली गेली. ती दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. नुसती यादी पुरत नाही. डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक हवा, पावसाळ्यात उताराला पडणाऱ्या भेगा पाहणारा पगारी माणूस हवा, आणि त्याने सांगताच रात्रीतून लोकांना हलवण्यासाठी आधीच ठरलेली जागा हवी. हे सरकारने आणि ग्रामपंचायतींनी पुढच्या जूनच्या आत करावं.