एकाच गाडीत दोन मापांचे पाने

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी बनवलेल्या जीप दहा पावलांवरून वेगळ्या ओळखू येत नाहीत. जाणकार माणूस गाडीपुढे उकिडवा बसतो, रेडिएटरच्या खालून हात घालतो आणि चॅसीचा पुढचा आडवा दांडा चाचपतो. दांडा गोल नळीचा लागला तर विलिस, उलट्या पन्हळीसारखा लागला तर फोर्ड. मग तो बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग हलकेच खरवडतो. फोर्डच्या कारखान्याने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उठवलं होतं. ऐंशी वर्षांच्या रंगाच्या थरांखालून ते अक्षर वर आलं की गाडीच्या मालकाचा चेहरा फुलतो, आणि ‘एफ’चे बोल्ट विलिसच्या चॅसीवर निघाले की उतरतोही. कारण याचा अर्थ, मधल्या काळात कुणीतरी दोन गाड्यांची मिळून एक केलेली असते.

कोलकात्यात ही परीक्षा दर हिवाळ्यात चारचौघांत होते. ‘द स्टेट्समन’ या दैनिकाने जुन्या मोटारींची फेरी १९६४ साली दिल्लीत सुरू केली आणि १९६८ साली ती कोलकात्यात आली. तिथे सगळ्यात आधी पोहोचणाऱ्याला बक्षीस नसतं. गाडी मूळ रूपाला किती धरून आहे, तिची निगा कशी राखली आहे, ती रस्त्यावर कशी चालते, हे पाहिलं जातं. चकचकीत पितळेच्या आणि निकेलच्या लवाजम्यात ऑलिव्ह हिरव्या रंगाच्या उघड्या जीपही येतात. त्यांचे मालक हौसेने लष्करी पोशाख चढवून बसतात. बघ्यांपैकी बरेच जण आधी त्यांच्याकडेच वळतात, कारण रोल्स-रॉइस कधी कुणाच्या घरी नव्हती. जीपमध्ये मात्र कधी ना कधी आपण सगळेच बसलेले असतो.

या शहरात जीप आली ती युद्धामुळे. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या लष्कराने १३५ कंपन्यांना हलकी, चारही चाकांना जोर देणारी टेहळणीची गाडी बनवायला सांगितलं आणि नमुना द्यायला अवघे ४९ दिवस दिले. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. एवढी मोठी मागणी बँटमला पेलणारी नव्हती, म्हणून काम विलिस आणि फोर्डकडे गेलं. विलिसचं २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं इंजिन सर्वांत दमदार ठरलं आणि तेच दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांत बसवलं गेलं. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या होत्या.

ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर कोलकाता आघाडीच्या पिछाडीचं शहर बनलं. १९४२ च्या डिसेंबरात इथे जपानी बॉम्ब पडले. मैदानाजवळच्या रेड रोडवर लढाऊ विमानं उतरू लागली. उत्तरेला कांचरापाड्याजवळ अमेरिकी सैन्याचा प्रचंड तळ उभा राहिला. आजचं कल्याणी शहर त्याच जागी वसलं आहे. आसामातल्या लेडोपासून जंगल आणि डोंगर फोडत चीनकडे जाणारा रस्ता काढला गेला. १२ जानेवारी १९४५ ला निघालेला वाहनांचा पहिला ताफा ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोहोचला. चिखलात रुतणं, ओढून काढणं, पुन्हा रुतणं हा त्या रस्त्यावरचा रोजचा दिनक्रम होता. चिखलात गाडी हाकण्याची स्पर्धा पुढे कितीतरी वर्षांनी निघाली. त्या सैनिकांनी ती पोटासाठी आणि जिवासाठी खेळली.

युद्ध संपलं तेव्हा सैन्य मायदेशी गेलं, पण बऱ्याच गाड्या इथेच राहिल्या. ठेकेदार, चहामळे, शिकारीचे शौकीन यांच्या हाती त्या आल्या. दुसरीकडे मुंबईत महिंद्र कंपनीने माझगावात विलिसच्या जीपची जोडणी सुरू केली. १९५३ साली अमेरिकेत निघालेलं उंच बॉनेटचं ‘सीजे-३बी’ हे मॉडेल तिथे १९६८ साली बंद झालं; भारतात मात्र त्याच चेहऱ्याच्या गाड्या त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिल्या. महाराष्ट्राच्या खेड्यात तहसीलदार, निवडणुकीचा भोंगा आणि वडाप या तिन्हींची गाडी ती हीच. बंगालच्या खेड्यांत वडापचं काम उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सच्या ट्रेकरने केलं. तिच्या फक्त मागच्या चाकांना जोर होता, त्यामुळे डोंगरातल्या चढांवर जीपची जागा तिला घेता आली नाही.

जुनी जीप दुरुस्तीला काढली की पहिला मुक्काम पत्राकामाचा. ओबडधोबड दिसणाऱ्या या गाडीच्या पत्र्याला बंगालच्या दमट हवेने कुठे खाल्लेलं असेल, हे मिस्त्री न पाहता सांगू शकतो. पेट्रोलची टाकी चालकाच्या बुडाखाली असते. तिच्यासाठी केलेल्या खळग्यात पाणी साचतं आणि तो तळातून गळतो. दुसरी जागा त्याहून लपलेली. फरशीच्या पत्र्याला खालून बळकटी द्यायला ज्या पन्हळी जोडल्या आहेत, त्यांत कारखान्याने लाकडाच्या पट्ट्या भरल्या होत्या. लाकूड पाणी पितं, धरून ठेवतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग तुकतुकीत, आणि टोचा मारला की आरपार. चांगला मिस्त्री आधी टोचा मारतो, मगच खर्चाचा आकडा सांगतो.

मूळ रूप जपायचं म्हणजे गैरसोयही जपायची. स्टिअरिंग डावीकडे. वीज सहा व्होल्टची, त्यामुळे दिवे मिणमिणते. रोज वापरणारे लोक बारा व्होल्टची करून घेतात आणि फेरीत गुण गमावतात. पण त्या जुन्या आखणीत काही युक्त्या अशा आहेत की आजही दाद द्यावीशी वाटते. हेडलाइट एका पंखवाल्या नटावर बसवलेला आहे. नट सैल करून दिवा उलटा फिरवला की उजेड थेट इंजिनावर पडतो आणि अंधारात कार्बोरेटर खोलता येतो. टायरच्या नक्षीला पुढची-मागची दिशाच नाही, त्यामुळे गाडी मागे घेतानाही पकड तीच मिळते.

सुट्या भागांसाठी पाय मल्लिक बाजाराकडे वळतात. पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळतो, तिथला हा जुन्या मोटारींच्या भागांचा बाजार. मिळालेला गिअर झिजलेला असेल किंवा बुश मिळालाच नाही, तर हुगळी ओलांडून हावड्याला जायचं. बेलिलियस रोडच्या आसपास लेथच्या लहान लहान दुकानांची गर्दी आहे. नमुना दाखवला की पितळ, ओतीव लोखंड, पोलाद, हवं त्यात कातून मिळतं. परदेशातून नवे भाग मागवणं आता सोपं झालं आहे आणि अनेक जण तेच करतात. तरीही ज्या शहरात झिजलेल्या दांड्याचं माप हातानं घेणारा कातारी आहे, तिथेच जुनी गाडी निर्धास्तपणे चालवता येते. बाकीच्या शहरांत ती नुसती ठेवून द्यावी लागते.

शर्यतीचं काय? युद्धातल्या धावपट्ट्या शांततेच्या काळात मोटारींच्या शर्यतींना मिळाल्या: मद्रासजवळ शोलावरम, कोलकात्याजवळ बराकपूर. सपाट डांबरावर जीपचं काम नव्हतं. तिचा खरा आखाडा हळू गतीचा आहे आणि तो भारतात उशिरा उभा राहिला. मलेशियात १९९७ साली निघालेल्या रेन फॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात भर पावसाळ्यात भरू लागली. लाल चिखल, ओढे, उभ्या दरडी आणि दोघांचा संघ: एक चालक, दुसरा विंचची तार ओढणारा. सांगाडा जुन्या जीपचा किंवा जिप्सीचा असला तरी धुरे, टायर, इंजिन सगळं बदललेलं असतं. अरुणाचलहूनही संघ येतात, आणि लेडोचा तो युद्धकाळातला रस्ता अरुणाचलातल्याच पांगसाऊ खिंडीतून पलीकडे उतरतो. गोव्यातल्या चिखलातल्या त्या गाड्यांना पाहून मूळ रूपाचा आग्रह धरणारा संग्राहक कळवळेल. पण जीप ज्या कामासाठी जन्मली, ते काम त्या करत आहेत.

या दोन टोकांच्या मधली गोष्ट पाहायची तर सियालदहहून रात्रीची दार्जिलिंग मेल धरावी लागते. न्यू जलपायगुडीला उतरून डोंगर चढत गेलं की नेपाळच्या सीमेला चिकटून मानेभंजांग हे सुमारे सात हजार फुटांवरचं गाव लागतं. तिथल्या रस्त्यावर लँड रोव्हर उभ्या असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच १९५० च्या दशकातल्या. चहामळ्यांच्या ब्रिटिश मालकांनी आणलेल्या या गाड्या मळेवाले गेल्यावर डोंगरातल्या लोकांनी घेतल्या. त्या कधी शोभेच्या झाल्याच नाहीत. २०१८ साली लँड रोव्हर कंपनीने आपल्या सत्तरीच्या निमित्ताने या गावावर चित्रफीत काढली, तेव्हा अशा ४२ गाड्या तिथे धावत होत्या.

लँड रोव्हर ही खरं तर जीपचीच पुढची पिढी. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांच्याकडे वेल्सजवळच्या अँगलसी बेटावरच्या शेतावर लष्कराने विकलेली एक विलिस जीप होती. ती झिजली तर जागी काय आणायचं, या विचारातून १९४७ साली नवी गाडी आकाराला आली आणि ३० एप्रिल १९४८ ला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांनी ती पाहिली. दोन धुऱ्यांमधलं अंतर जीपइतकंच, ८० इंच. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून अंगावरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. त्या टंचाईनेच या गाड्यांना हिमालयाच्या धुक्यात आणि पावसात सत्तर वर्षं तारलं. चॅसी पोलादाची आहे, ती गंजते. पण ठिगळ लावता येतं.

मानेभंजांग ते सांदकफू हा रस्ता ३१ किलोमीटरचा आणि चढण जवळपास पाच हजार फुटांची. सांदकफू ११,९२९ फुटांवर आहे, पश्चिम बंगालचं सर्वांत उंच ठिकाण; तिथून कांचनजंगा आणि एव्हरेस्ट दोन्ही दिसतात. चित्रे, तुमलिंग, गैरीबास, कालीपोखरी अशी गावं घेत रस्ता वर जातो आणि कित्येक ठिकाणी तो म्हणजे दगडांची रास असते. चालकाच्या हाताशी गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दोन दांडे असतात. पिवळ्या बोंडाचा दाबला की पुढच्या चाकांना जोर मिळतो. लाल बोंडाचा ओढला की गाडी ‘लो’मध्ये जाते. मग ती माणसाच्या चालीने, दगड मोजत चढते. वळण एका दमात बसत नाही. थोडं मागे, पुन्हा पुढे, आणि मागच्या चाकापलीकडे दरी. प्रवासी, तांदळाची पोती, गॅसची टाकी, आजारी माणूस, सगळी ने-आण वर्षानुवर्षं याच गाड्यांनी केली आहे.

बॉनेट उघडलं की या गाड्यांची खरी हकिकत कळते. मूळ पेट्रोल इंजिन बहुतेकांत राहिलेलं नाही. त्या जागी महिंद्रचं डिझेल इंजिन बसलं आहे. ब्रिटिश चॅसीला जुन्या इंग्रजी मापाचे आटे, ज्यात पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा नसून दांड्याच्या जाडीचा असतो; आणि तिच्यावरच्या इंजिनाला मिलिमीटरचे आटे. त्यामुळे चालकाच्या सीटखाली दोन मापांचे पाने लागतात. इंजिन जिथे टेकतं ते पाय नव्याने वेल्ड केलेले, गिअरपेटीशी जोडणारी तबकडी कातून घेतलेली, पाटे एक-दोन जादा चढवलेले. हे सगळं कुठल्याही पुस्तिकेत छापलेलं नाही. बापाच्या हाताखाली मुलगा शिकला, आणि शेजारच्या गाडीत बसलेला बदल आपल्या गाडीत आला. जुन्या गाडीचा वारसा म्हणतात तो पत्र्याइतकाच या हातांत आहे. कोलकात्यातल्या जीपवर ‘एफ’चा बोल्ट शोधणारा संग्राहक जितक्या प्रेमाने गाडी सांभाळतो, त्याहून हे प्रेम तसूभरही कमी नाही.

कायद्याला मात्र यांतलं एकच प्रेम दिसतं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक दहा वर्षांसाठी मिळतो, नूतनीकरण पाच हजारांत होतं. फेऱ्या, प्रदर्शनं, संशोधन यांसाठी ती रस्त्यावर काढता येते. संग्राहकांची ही जुनी मागणी होती आणि ती पुरी झाली हे उत्तमच झालं. पण अटी दोन: चॅसी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको, आणि गाडी भाड्याने चालवायची नाही. मानेभंजांगची लँड रोव्हर या दोन्हींत अडते. तिकडे कोलकाता महानगरातून पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्या काढण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २००८ साली दिला. शहराच्या हवेसाठी तो गरजेचा होता. डोंगरातल्या मोजक्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. सांदकफूच्या वाटेवर आता नव्या, ताकदीच्या गाड्याही येतात, प्रवासी आरामाची सीट मागतो, आणि एकेक लँड रोव्हर हळूहळू बाजूला उभी राहते. उभी राहिलेली गाडी लवकरच सुट्या भागांत विकली जाते, आणि ती चालवणारा मुलगा सिलीगुडीत दुसऱ्या कामाला लागतो.

यावर तोडगा फार मोठा नाही. एका ठरावीक रस्त्यापुरती, दरवर्षी ब्रेक, स्टिअरिंग आणि चॅसीची कसून तपासणी करून, इंजिनाचा बदल कागदावर नोंदवून, भाड्याने चालणाऱ्या जुन्या गाड्यांचा वेगळा वर्ग परिवहन खात्याला करता येईल. दार्जिलिंगची छोटी रेल्वे १९९९ पासून जागतिक वारसा आहे आणि तिकीट काढून प्रवासी वाहते. तिच्या इंजिनांचे भागही वेळोवेळी बदलत आले आहेत. त्याच जिल्ह्यातल्या या गाड्यांना ती मुभा द्यायला हरकत कसली?