विश्लेषण : पाठीवर पिठ्ठू, नडगीत कळ… विशेष दलांची तयारी करणारे तरुण निवडीआधीच जायबंदी का होतात?

पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावणारी मुले महाराष्ट्राला नवी नाहीत. अग्निवीर भरती असो वा पोलीस भरती, १६०० मीटरची धाव हा तयारीचा कणा असतो. आता या मुलांपैकी काहींच्या पाठीवर वाळू भरलेली बॅगही दिसते. त्यांना नुसते भरती व्हायचे नसते, लष्कराच्या पॅरा स्पेशल फोर्सेस किंवा नौदलाच्या मार्कोसपर्यंत पोहोचायचे असते. मात्र यातील अनेकांचा प्रवास निवडीच्या मैदानावर नव्हे, तर त्याच्या काही महिने आधी अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात थांबतो. असे का होते, हाड नेमके का मोडते आणि सावरायचे कसे, याचा हा आढावा.

रकिंग म्हणजे काय?

पाठीवर ठरावीक वजन घेऊन ठरावीक वेळेत लांबचे अंतर चालणे म्हणजे रकिंग. आपल्याकडे सैनिक या पाठपिशवीला ‘पिठ्ठू’ म्हणतात आणि वजन घेऊन केलेल्या वेगवान चालीला ‘स्पीड मार्च’. जगातील बहुतेक विशेष दलांच्या निवडीत ही कसोटी असतेच. अमेरिकी लष्कराच्या रेंजर स्कूलमध्ये सुमारे १६ किलोंचे ओझे घेऊन १२ मैल, म्हणजे साधारण १९ किलोमीटर, तीन तासांत कापावे लागतात. ब्रिटनच्या ‘एसएएस’ची निवड वेल्समधील ब्रेकन बीकन्स डोंगररांगेत होते. तेथे ८८६ मीटर उंचीच्या पेन-य-फॅन शिखरावरून जाणारी २४ किलोमीटरची चाल प्रसिद्ध आहे. भारतातही पॅरा स्पेशल फोर्सेसच्या प्रोबेशनमध्ये वाढत्या अंतराचे स्पीड मार्च हा कळीचा टप्पा असतो.

यामागचे कारण साधे आहे. शत्रूच्या प्रदेशात उतरलेल्या छोट्या तुकडीला शस्त्रे, दारूगोळा, पाणी, रेडिओ सारे स्वतःच वाहावे लागते. लक्ष्यापर्यंत पोहोचणे म्हणजे काम संपणे नव्हे, खरे काम तेथून सुरू होते. त्यामुळे चालून आल्यानंतरही ज्याच्या अंगात त्राण आणि डोक्यात शांतता उरते, असा सैनिक हवा असतो.

धावणे आणि ओझे घेऊन चालणे यात फरक काय?

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट बल जमिनीकडून पायावर येते. चालताना ते वजनाच्या आसपास किंवा किंचित जास्त असते. म्हणजे एका पावलाचा हिशेब केला तर चालणे सौम्य आहे. पण रकिंगमध्ये पावलांची संख्या प्रचंड असते आणि प्रत्येक पावलात जादा वजन मिसळलेले असते. वीस किलोमीटर चालायला सुमारे पंचवीस हजार पावले लागतात.

ऊर्जेचा हिशेब मांडण्यासाठी १९७७ मध्ये पँडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी एक सूत्र दिले. शरीराचे वजन, ओझे, वेग, चढ आणि जमिनीचा प्रकार त्यात येतो. या सूत्रानुसार ७० किलो वजनाचा तरुण सपाट पक्क्या रस्त्यावर ताशी सहा किलोमीटर वेगाने मोकळ्या हाताने चालला, तर शरीर सुमारे ४०० वॅट दराने ऊर्जा खर्च करते. पाठीवर २० किलो आले की हा आकडा ५०० च्या जवळ जातो. त्याच ओझ्यासह मोकळ्या वाळूत चालल्यास तो ९०० च्या आसपास आणि पक्क्या रस्त्याला दहा टक्के चढ लागल्यास १००० च्या पुढे जातो.

याचा अर्थ असा, की पिठ्ठूतील वजन तेच राहूनही रस्ता बदलला की श्रम दुप्पट होऊ शकतात. आज स्टेडियमच्या ट्रॅकवर आणि उद्या त्याच वजनाने, त्याच वेगाने सिंहगडाच्या चढावर, हा एकच सराव नव्हे. वहीत फक्त किलोमीटर लिहिणाऱ्याला हा फरक दिसत नाही, पायाला मात्र दिसतो.

हाड मोडते कसे?

ही दुखापत सैन्याइतकीच जुनी आहे. प्रशियाचे लष्करी डॉक्टर ब्राइटहॉप्ट यांनी १८५५ मध्ये लांब चालीनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखत असल्याची नोंद केली. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर, १८९७ मध्ये, त्या सुजेमागे हाडाला गेलेली बारीक चीर असल्याचे दिसले. तिला ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हटले गेले. आज तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. ताण पडला की शरीर आधी त्या जागेचे जुने हाड पोखरून काढते आणि मग नवे, अधिक मजबूत हाड भरते. घराची डागडुजी करताना आधी भिंत खरवडावी लागते, तसेच हे. खरवडण्याचे काम साधारण तीन आठवड्यांत होते. भरण्याला मात्र तीन महिन्यांच्या आसपास लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असते. म्हणूनच सराव सुरू केल्यानंतर किंवा अचानक वाढवल्यानंतरचे तिसऱ्या आठवड्यापासूनचे दिवस धोक्याचे ठरतात.

गंमत अशी, की नेमक्या याच काळात तरुणाला आपण ‘फॉर्मात’ आल्यासारखे वाटते. दम वाढलेला असतो, स्नायूही सरावलेले असतात. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत जुळवून घेतात, हाडाला महिने लागतात. दम साथ देतो म्हणून अंतर वाढवले जाते आणि नडगी मोडते.

हे प्रमाण किती असू शकते? इस्रायली लष्करातील २९५ प्रशिक्षणार्थींच्या १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याचे आढळले. सगळ्याच सैन्यांत ते इतके नसते. पण निवडून घेतलेल्या तरुणांतही प्रशिक्षण चुकले तर काय होऊ शकते, याचा तो इशारा होता.

साधे दुखणे आणि गंभीर दुखणे कसे ओळखायचे?

नडगीच्या आतल्या कडेने वितीभर लांबीत पसरलेले, धावायला लागल्यावर जाणवणारे आणि अंग तापल्यावर कमी होणारे दुखणे बहुधा ‘शिन स्प्लिंट’ असते. ते हाडावरील वाढत्या ताणाची सूचना देते. विश्रांती आणि सरावातील कपात यांनी ते आटोक्यात येते.

मात्र बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी कळ येत असेल, धावताना ती वाढतच जात असेल, एका पायावर उडी मारताच टोचत असेल किंवा रात्री झोपेतही ठणका लागत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यावी. येथे एक मोठी फसगत होते. सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ही चीर अनेकदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून मुलगा पुन्हा रस्त्यावर उतरतो आणि केसाएवढी चीर वाढत जाते. खात्रीसाठी एमआरआय हा सर्वांत भरवशाचा मार्ग मानला जातो.

जांघेत किंवा मांडीच्या वरच्या टोकाला येणारी खोल कळ कधीच अंगावर काढू नये. खुब्याजवळ मांडीच्या हाडाची मान मोडली, तर शस्त्रक्रिया लागू शकते आणि सैनिकी कारकीर्दच संपू शकते. नडगीची पुढची कड आणि पावलाच्या मध्यावरील छोटी हाडे यांनाही रक्तपुरवठा कमी असल्याने ती लवकर भरत नाहीत.

पिठ्ठूचा आणखी एक त्रास आहे. घट्ट पट्ट्यांनी खांद्याजवळच्या नसा दबून हाताला मुंग्या येतात, कधी हात वर उचलता येत नाही. तो थकवा समजून सोडून देऊ नये. कंबरपट्टा बांधणे आणि जड वस्तू पाठीच्या जवळ, वरच्या बाजूला ठेवणे यामुळे खांद्यांवरचा भार कमी होतो.

दुखापतीनंतर सावरायचे कसे?

कमी जोखमीच्या जागचे स्ट्रेस फ्रॅक्चर भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, गंभीर जागी त्याहून जास्त. हा काळ वाया जात नाही. डॉक्टरांच्या परवानगीने पोहणे, सायकल किंवा खोल पाण्यात धावण्याच्या हालचाली करून दम टिकवता येतो. कंबर, मांड्या, पोटऱ्या आणि पाठीच्या ताकदीचे व्यायामही सुरू ठेवता येतात.

परतीचा क्रम मात्र मोडू नये. आधी वेदनेशिवाय रोजचे चालणे, मग अर्धा तास भरभर चालणे. ते जमले की एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे, असे आलटून पालटून. मधे एक दिवस मोकळा. सलग धावणे जमू लागल्यानंतरच पिठ्ठू, तोही हलका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी दुखले, तर एक पायरी मागे यावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे म्हणजे धोक्याची घंटा वाजू नये म्हणून तिची तार कापणे आहे.

दुखापत टाळता येते का?

पूर्णपणे नाही, पण बरीच. इस्रायली लष्करात किमान सहा तासांची झोप सक्तीची केल्यानंतर आणि एकूण चालीचे अंतर घटवल्यानंतर स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचे तेथील संशोधकांनी २००८ मध्ये नोंदवले. ऑस्ट्रेलियन लष्कराच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धावण्याचे अंतर कमी करून त्याऐवजी वजनासह चाल दिल्यावर दुखापती घटल्या.

आहाराचाही वाटा मोठा आहे. अमेरिकी नौदलाच्या पाच हजारांहून अधिक महिला प्रशिक्षणार्थींच्या अभ्यासात कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व मिळालेल्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर २० टक्क्यांनी कमी आढळले. वजन उतरवण्यासाठी जेवण तोडणाऱ्या आणि त्याच वेळी सराव वाढवणाऱ्या तरुणाचे हाड दोन्ही बाजूंनी उपाशी राहते. धूम्रपानानेही धोका वाढतो. महागडे बूट मात्र कवच नाहीत. तळपायाच्या कमानीनुसार बूट निवडून देण्याचा प्रयोग अमेरिकी सैन्यदलांत झाला, पण त्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. पायाला नीट बसणारा आणि न झिजलेला बूट पुरेसा आहे.

रकिंग रोज करण्याची गरज नसते. आठवड्यातून किंवा दहा दिवसांतून एकदा, सोबत धावणे आणि ताकदीचा व्यायाम, हे बहुतेकांना पुरते. सुरुवात शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिस्स्याने करावी. अंतर, वजन आणि वेग यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. पिठ्ठू घेऊन धावणे टाळावे.

थांबण्याचा निर्णय कोणाचा?

जुलै २०१३ मध्ये ब्रेकन बीकन्समध्ये कडक उन्हात झालेल्या ‘एसएएस’ निवडीच्या २६ किलोमीटरच्या चालीत तीन राखीव सैनिकांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्यांच्या पाठीवर सुमारे २२ किलो वजन होते. त्यांच्याकडे ठिकाण दाखवणारे ट्रॅकर होते, तरी ते जागीच थांबल्याचे वेळेत लक्षात आले नाही. २०१५ मधील चौकशीत या मृत्यूंना निष्काळजीही कारणीभूत असल्याचा निष्कर्ष निघाला. निवडीला आलेला उमेदवार स्वतःहून थांबत नाही. म्हणूनच त्याला थांबवणारी यंत्रणा सजग असावी लागते.

गावच्या रस्त्यावर एकट्याने सराव करणाऱ्या मुलाकडे अशी यंत्रणाच नसते. प्रशिक्षक, डॉक्टर आणि थांबवणारा अधिकारी या तिन्ही भूमिका त्यालाच कराव्या लागतात.

महाराष्ट्रातील तरुणांसाठी याचा अर्थ काय?

विशेष दलांशी मराठी मातीचे नाते जुने आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेश युद्धात टांगाईलला विमानातून उतरलेली २ पॅरा ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची होती. पुढे तीच स्पेशल फोर्सेसची पलटण झाली. मार्कोसचा आयएनएस अभिमन्यू हा तळही मुंबईतच आहे. त्यामुळे हे स्वप्न येथे कुणाला परके वाटत नाही.

पण या वाटेची पहिली पायरी सर्वसाधारण भरतीची आहे. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावल्यास ६० आणि दहा पुलअप्सना ४० गुण मिळतात. तेथे पिठ्ठूला गुण नाहीत. सतराव्या-अठराव्या वर्षी, हाडे अजून पक्की होत असताना, २० किलो घेऊन डोंगर चढणारा मुलगा चार वर्षांनंतरच्या परीक्षेसाठी आजची परीक्षा पणाला लावत असतो. भरतीची वयोमर्यादा ठरलेली असते. मोडलेल्या नडगीचे तीन महिने आणि हुकलेली एक भरती एवढ्यानेही दार कायमचे बंद होऊ शकते.

म्हणून आधी वेग, दम आणि ताकद यांचा पाया, मग हलका पिठ्ठू आणि मग अंतर, हाच क्रम शहाणपणाचा आहे. सहनशक्तीची कसोटी लष्कर यथावकाश घेईलच. तोपर्यंत कळ लपवणाऱ्यापेक्षा ती वेळेत सांगणाऱ्याचे पाय निवडीच्या मैदानापर्यंत पोहोचण्याची शक्यता जास्त.