परदेशी शिकायला निघताना

"डॉक्टरकाका, पंप संपलाय, श्वास पुरत नाहीये," असा एका रात्री इंग्लंडहून फोन आला. एम.एस्सी.साठी गेलेली ती माझी जुनी दम्याची रुग्ण. तिकडचे डॉक्टर महाग, या भीतीने ती दोन महिने कुठे गेलीच नव्हती! आधी ९९९ ला फोन कर, असे मी सांगितले. वेळेवर उपचार मिळाले म्हणून निभावले.

खरे तर तिने पैसे आधीच भरले होते. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करतानाच विद्यार्थ्यांकडून तेथील सरकारी आरोग्यसेवेचे शुल्क घेतात. २०२४ पासून ते वर्षाला ७७६ पौंड आहे. मात्र राहत्या भागातील 'जीपी'कडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, नाव नोंदवावे लागते. नोंदणी व तपासणी मोफत असते; इंग्लंडमध्ये औषधांचे ठराविक शुल्क तेवढे पडते.

म्हणून पहिल्याच आठवड्यात, प्रकृती ठणठणीत असतानाच, नाव नोंदवावे. आजाराची माहिती, औषधांची जेनेरिक नावे व लसीकरणाची नोंद इंग्रजीत सोबत न्यावी. पंचविशीच्या आतील विद्यार्थ्यांनी मेंदूज्वराच्या लसीचीही चौकशी करावी. आणि आईवडिलांनी फोनवर "जेवलीस का?" बरोबर "नाव नोंदवलंस का?" हेही विचारावे.