लॉर्ड रिपनच्या गावचं सोनेरी चर्च खंडणीच्या पैशातून उभं राहिलं, असं का म्हणतात?

‘भारतातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांचे जनक कोण?’ एमपीएससीची तयारी केलेला कुणीही झोपेतही सांगेल, लॉर्ड रिपन. १८८२ चा तो ठराव आपल्याला पाठ असतो. पण व्हाइसरॉय होऊन भारतात येण्याच्या दहा वर्षं आधी याच रिपनच्या घरात एक भयानक घटना घडली होती.

एप्रिल १८७०. रिपनचा मेहुणा फ्रेडरिक व्हायनर मित्रांसोबत ग्रीसमध्ये मॅरेथॉनचं मैदान बघायला गेला होता. परतताना दरोडेखोरांनी त्यांना धरलं. बायकांना लवकर सोडलं, पैशांची सोय करायला लॉर्ड मंकास्टरलाही सोडलं. असं सांगतात की सुटकेची चिठ्ठी खरं तर व्हायनरच्या नावाची निघाली होती, पण मंकास्टर बायकोवाला माणूस म्हणून त्याने आपली जागा त्याला दिली.

दरोडेखोरांना खंडणीसोबत माफीही हवी होती. ग्रीक सरकारने माफी नाकारली, सैन्य मागे लावलं आणि पळता पळता दरोडेखोरांनी व्हायनरसह चार ओलिसांना ठार मारलं.

खंडणीसाठी जमवलेले पैसे तसेच राहिले. त्यातूनच व्हायनरच्या आठवणीत दोन चर्च उभी राहिली, असं मानलं जातं. एक त्याच्या आईने स्केल्टन गावात बांधलं. दुसरं त्याच्या बहिणीने, म्हणजे रिपनच्या बायकोने, तिथून जवळच स्टडली रॉयलच्या हरणांच्या कुरणात. हा सगळा भाग इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा.

दोन्हींचा आर्किटेक्ट एकच, विल्यम बर्जेस. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठीही त्याने डिझाइन केलं होतं, ते कागदावरच राहिलं. पण त्याचा शिष्य विल्यम इमर्सनने आपलं क्रॉफर्ड मार्केट बांधलं.

शैली निओ-गॉथिक. म्हणजे टोकदार कमानी, उंच मनोरे, कोरीव दगड असं मध्ययुगीन रूप एकोणिसाव्या शतकात नव्याने वापरायचं. आपलं सीएसएमटी डोळ्यांसमोर आणा.

स्टडलीचं चर्च बाहेरून करड्या दगडाचं, उंच निमुळत्या शिखराचं. आत लोक बसतात तो भागही तसा साधाच. डोळे दिपतात ते वेदीकडे गेल्यावर. छतावर सोनेरी मुलाम्यात रंगवलेले देवदूत, वर घुमट, रंगीत संगमरवराचे खांब. खिडक्यांची दगडी जाळी एक नाही तर दोन पदरी आहे, एकीच्या आत दुसरी! एका कोपऱ्यात पंखवाला सिंह बसलाय आणि गायकांच्या बाकांवर चक्क रंगीबेरंगी पोपट कोरलेत. बर्जेसला पोपटांचं भारी वेड.

या सजावटीचा विषय आहे हरवलेला आणि परत मिळालेला स्वर्ग. अकाली गेलेल्या भावाच्या स्मारकासाठी हाच का, हे वेगळं सांगायला नको.

चर्चचं काम १८७१ ते १८७८ चाललं आणि मध्येच एक गंमत झाली. चर्च अँग्लिकन पंथाचं, आणि १८७४ मध्ये रिपन स्वतः कॅथलिक झाला! त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा मोठा धक्का होता. फ्रीमेसन संघटनेचं सर्वोच्च पद त्याला सोडावं लागलं. १८८० मध्ये तो व्हाइसरॉय झाला, तेव्हाही ‘कॅथलिक माणूस कसा चालेल?’ म्हणून ओरड झालीच.

१९०९ मध्ये रिपन वारला, तेव्हा त्याला बायकोने बांधलेल्या याच अँग्लिकन चर्चमध्ये पुरलं. तिथे आजही दोघांचे पांढरे संगमरवरी पुतळे शेजारी शेजारी आहेत.