रक्तातील जंतुसंसर्ग आणि परिचारिकेची दक्षता

रात्री दोनच्या सुमारास एखाद्या रुग्णाचा श्वास मिनिटाला सोळावरून चोवीसवर जातो. ताप फारसा नसतो. वृद्धांचे अंग तर कित्येकदा उलट गार पडते. रुग्ण असंबद्ध बोलू लागतो आणि नातेवाइकांना वाटते, झोपमोड झाली असेल. वस्तुतः रक्तात जंतूंचा शिरकाव झाल्याची ही पहिली सूचना असू शकते. आणि त्या घटकेला खाटेपाशी बहुधा परिचारिकाच असते.

जंतुसंसर्गास शरीराकडून होणारा प्रतिकार अनावर होऊन मूत्रपिंडे, फुप्फुसे आदी अवयवांची हानी होऊ लागली, म्हणजे त्या अवस्थेस ‘सेप्सिस’ म्हणतात. २०१७ साली जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना तो झाला व १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

श्वास मिनिटाला २२ वा अधिक, वरचा रक्तदाब १०० वा कमी आणि शुद्धीत फरक, ही खाटेपाशी कळणारी लक्षणे होत. श्वास मोजावयास घड्याळाखेरीज काही लागत नाही. लागते ते पूर्ण एक मिनिट, आणि नेमके तेच दुर्मीळ असते. तक्त्यावर ओळीने ‘वीस, वीस, वीस’ असे आकडे आढळले, तर ते मोजलेले नसून अंदाजाने भरलेले असण्याचाच संभव अधिक.

संशय येताच डॉक्टरांना कळवून रक्ताचा नमुना कल्चरसाठी घ्यावयाचा असतो. तोही प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी, दोन निरनिराळ्या जागांहून. प्रौढांसाठी प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागते. त्वचेवर लावलेले जंतुनाशक वाळू न देता सुई टोचली, तर त्वचेवरीलच जंतू बाटलीत जातात व उपचाराची दिशा चुकते. मात्र नमुन्यासाठी औषध रखडता कामा नये. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णास ते तासाभरात मिळावयास हवे. त्यानंतर लघवीचे दर तासाचे मोजमाप सुरू होते.

कित्येकदा हा संसर्ग रुग्णालयातच, मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवाटे होतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात अतिदक्षता विभागांनी पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला : हात धुणे, नळी घालताना पूर्ण निर्जंतुक आवरणे, क्लोरहेक्झिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे व अनावश्यक नळी काढून टाकणे. यांत कसूर झाल्यास, तातडीचा प्रसंग नसेल तर, डॉक्टरांनाही थांबविण्यात येई. तीन महिन्यांत अशा संसर्गाचे मध्यक प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आले. १०३ विभागांचा हा अनुभव २००६ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे परिचारिकेने डॉक्टरांना थांबविणे सहजासहजी घडत नाही. रात्रपाळीत एकीकडेच तीस-चाळीस खाटा असल्या, तर मोजण्याचे ते एक मिनिटही तिला कोठून मिळणार? कक्षात पाणी असलेला नळ, साबण आणि सोबतीला दुसरी परिचारिका यांची तरतूद मात्र प्रशासनानेच करावयाची असते.