इंजिन उतरवायचं कधी?

पावसाळा सरतो, उसाचा गळीत हंगाम तोंडावर येतो आणि मालवाहतूक जोर धरते. ट्रक गॅरेजला उभा करायला वर्षातला सर्वांत महागडा काळ हाच. गाडी उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही आणि ठरलेलं भाडं दुसऱ्याच्या गाडीत भरलं जातं. म्हणून इंजिनकाम कोणाकडून करून घ्यायचं याइतकंच ते कधी काढायचं, हेही मालकाला ठरवता यावं लागतं. नुसत्या किलोमीटरवरून ते ठरत नाही. रोज खंबाटकी किंवा कसारा चढणारी भरलेली गाडी आणि सपाटीवर एका वेगात धावणारी गाडी यांचे किलोमीटर सारखे असले, तरी झीज सारखी नसते.

पिस्टन वरच्या टोकाला जाऊन उलट फिरतो, त्या जागी ज्वलनाचा दाब आणि उष्णता सर्वाधिक असते, तर ऑइलचा थर सर्वांत पातळ. त्यामुळे सिलिंडर वरच्या रिंगेच्या पट्ट्यात जास्त झिजतो. मग जळालेले वायू रिंगांना चुकवून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतात. यालाच ब्लोबाय म्हणतात. ब्रीदरमधून धूर येऊ लागतो, ऑइल वर चढून जळतं आणि थंडीत गाडी सेल्फवर लवकर उचलत नाही.

पण या प्रत्येक लक्षणाला दुसराही धनी असू शकतो. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनाचंच ऑइल वापरतो. तो झिजला की ऑइल हवेच्या टाकीत जातं. टाकीचा ड्रेन उघडला की ते दिसतं. टर्बोचं सील गेलं तरी निळा धूर निघतो. खराब कॉम्प्रेसर किंवा टर्बोची हवा चेंबरमध्ये शिरली, तर रिंगा ठणठणीत असूनही ब्रीदर धूर ओकतो. काळ्या धुरामागे तर बहुधा चोंदलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेले नोझल असतात. हे सगळं तपासण्याआधी हेड खोलणं म्हणजे खर्चाला आमंत्रण.

खरा पुरावा वहीत मिळतो. दर हजार किलोमीटरला किती ऑइल टाकलं आणि किती डिझेल लागलं, एवढं लिहीत जावं. चारचा ॲव्हरेज देणारी गाडी हजार किलोमीटरला 250 लिटर डिझेल पिते. तिला एक लिटर ऑइल लागलं, तर ते डिझेलच्या 0.4 टक्के झालं. हा आकडा बरेच महिने तेवढाच राहिला, तर घाई नको. तो दर महिन्याला चढत असेल, तर मात्र दिवस मोजायला लागावं.

ऑइल बदलताना त्याचा नमुना प्रयोगशाळेत देता येतो. त्यात लोखंड वाढलं, तर सिलिंडर आणि रिंगांवर संशय. शिसं किंवा तांबं वाढलं, तर बेअरिंगवर. लोखंडासोबत सिलिकॉनही वाढलं असेल, तर धूळ आत जाते आहे. अशा वेळी एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होज आधी पाहावा. तो फाटलेला राहिला, तर नव्या रिंगाही तशाच झिजतील.

काही लक्षणांत मात्र हंगाम पाहायचा नसतो. ऑइलमध्ये कूलंट उतरलं, गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर घसरत चाललं, ऑइल फिल्टर कापल्यावर धातूचे चकाकते कण दिसले किंवा खालून ठोका ऐकू आला, तर गाडी तिथेच बंद करावी. बेअरिंग वेळेत बदलले, तर काम बेअरिंगवर भागतं. ते क्रँकला चिकटले, तर क्रँक ग्राइंडिंगला जातो आणि कधी ब्लॉकही हातचा जातो.

इंजिनाची बांधणीही पाहावी लागते. टाटांच्या असंख्य ट्रकांत बसलेल्या कमिन्सच्या 5.9 लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनात वेगळे लायनर नसतात. 102 मिलिमीटरचा बोअर थेट ब्लॉकमध्येच असतो. तो झिजला की इंजिन उतरवून ब्लॉक बोअरिंगला न्यावा लागतो आणि 0.5 मिलिमीटर मोठे पिस्टन बसवावे लागतात. वेट लायनरच्या इंजिनात अनेकदा चासीवरच लायनर, पिस्टन आणि रिंगा बदलून काम होतं. म्हणजे एकात दीर्घ थांबा, दुसऱ्यात तुलनेने थोडा.

1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांनी या हिशेबात आणखी एक रकाना वाढवला. जळालेल्या ऑइलची राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठते. काजळी जाळून टाकता येते, ही राख जळत नाही. शिवाय फिल्टरमुळे मागून निळा धूरही सहसा दिसत नाही. धुरावर नजर ठेवून इंजिन ओळखण्याची जुनी सवय या गाड्यांत उपयोगाची नाही.

तेव्हा नियम सोपा ठेवावा. ठोका, पाणी आणि प्रेशर यांत तडजोड नाही. हळूहळू वाढणाऱ्या ऑइलच्या खपासाठी पुढच्या पावसाळ्यातल्या मंदीत काम ठरवावं, पार्ट आणि मिस्त्री आधीच बोलून ठेवावेत. आणि लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजाल, तेव्हा गाडीच्या नावाची एक वही तिच्याशेजारी ठेवा. फक्त ती वर्षभर लिहा.